आधी उपयोगी पडा, मग विका

बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असे आपल्याकडे म्हणतात. घरगुती उद्योग करणाऱ्यांनी हा सल्ला हल्ली फारच मनावर घेतलेला दिसतो. रोज सकाळी फुलांच्या चित्राखाली 'सुप्रभात' आणि त्याखाली आपल्या मसाल्याचे नाव. चतुर्थीला गणपतीच्या चित्राखाली तेच नाव. दुपारी पाकिटांचा फोटो, रात्री 'आजच ऑर्डर द्या'. महिनाअखेर हिशेब केला, तर ऑर्डरी होत्या तेवढ्याच. मग कोणीतरी सुचवतो, "दरमहा काही हजार द्या, तुमचे पान सांभाळतो, फॉलोअर वाढवून देतो." पैसे जातात, आकडा वाढतो, पाकिटे मात्र फडताळातच राहतात.

चूक बोलण्यात नसते. काय बोलायचे, कोणाशी आणि केव्हा, हे ठरवलेले नसते. ग्राहकाला आपल्या मालाबद्दल नुसते 'घ्या, घ्या' म्हणण्याऐवजी त्याच्या उपयोगाची माहिती नियमितपणे द्यायची, त्यातून विश्वास मिळवायचा आणि त्या विश्वासावर माल विकायचा, या पद्धतीला व्यापाराच्या भाषेत 'कंटेंट मार्केटिंग' म्हणतात. नाव नवे असले, तरी गोष्ट जुनी आहे. मोठ्या कंपन्या त्यासाठी स्वतंत्र विभाग ठेवतात, पण घरातल्या घरात भाजणी, लोणची किंवा शिवणकाम करणाऱ्यालाही ते जमू शकते. मात्र त्यासाठी आखणी हवी.

टायरवाल्यांचे पुस्तक

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण फ्रान्समधले आहे. आंद्रे आणि एदुआर मिशेलिन हे दोघे भाऊ टायर बनवत. १९०० साली संपूर्ण फ्रान्समध्ये तीन हजारही मोटारी नव्हत्या. एवढ्याशा बाजारात टायर विकणार किती? 'आमचे टायर उत्तम' अशा कितीही जाहिराती दिल्या असत्या, तरी मोटारीच कमी होत्या. त्या भावांनी वेगळाच विचार केला. मोटारवाल्यांनी जास्त फिरावे, म्हणजे टायर जास्त झिजतील. पण लोक फिरत का नाहीत? रस्ता ठाऊक नसतो, वाटेत पेट्रोल कुठे मिळेल हे कळत नाही, गाडी बिघडली तर कारागीर कुठे शोधायचा आणि रात्री मुक्काम कुठे करायचा, ही चिंता असते. या प्रश्नांची उत्तरे देणारे एक पुस्तक त्यांनी छापले. नकाशे, टायर कसा बदलावा याची माहिती, पेट्रोल मिळण्याची ठिकाणे, हॉटेले असे सारे त्यात होते. पहिल्या आवृत्तीच्या सुमारे ३५ हजार प्रती फुकट वाटल्या. १९२० पासून त्यांनी पुस्तकाला किंमत लावली, तरी ते खपत राहिले. १९२६ पासून चांगल्या जेवणाच्या ठिकाणांना त्यात तारे मिळू लागले. आज जगभरचे आचारी ज्या 'मिशेलिन स्टार'साठी जिवाचे रान करतात, तो मुळात टायर विकणाऱ्यांचा आहे.

आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. आकाशवाणीने हिंदी चित्रपटगीतांना दूर ठेवले होते, त्या काळात म्हणजे १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारी रात्री अमीन सयानींचा आवाज ऐकायला घरेच्या घरे रेडिओभोवती जमत. बिनाका ही टूथपेस्ट. गीतमालेने दातांवर व्याख्यान दिले नाही. लोकांना जे हवे होते आणि दुसरीकडे मिळत नव्हते, ते दिले आणि सोबत आपले नाव घराघरांत पोचवले. १९७२ मध्ये 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' सुरू झाली. शाळकरी मुले आणि त्यांचे पालक हेच बोर्नव्हिटाचे गिऱ्हाईक, म्हणून शाळकरी मुलांची सामान्यज्ञानाची स्पर्धा. प्रेशर कुकरच्या खोक्यात येणारी पाककृतींची पुस्तिका आठवा. नवा कुकर घरात आला, तरी त्यात डाळीला किती पाणी आणि किती वेळ, हे कळले नाही, तर तो माळ्यावर जाणार. पुस्तिकेने कुकर वापरात ठेवला. वापरात राहिलेल्या वस्तूची शिफारस शेजारणीकडे आपोआप होते.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. आपला माल किती चांगला, इथून त्यांनी सुरुवात केली नाही. आपल्या गिऱ्हाइकाचे अडते कुठे, त्याला हवे काय, इथून केली.

गिऱ्हाईक नक्की कोण?

आखणीची पहिली पायरी हीच. समजा, तुम्ही भाजणी आणि मसाले घरी करून विकता. 'माझे गिऱ्हाईक सगळेच' असे म्हटले, की काय बोलायचे तेच सुचत नाही. त्याऐवजी गेल्या सहा महिन्यांत ज्यांनी माल नेला, त्यांची नावे वहीत लिहून पाहा. त्यांतून साधारण तीन प्रकार दिसतील. नोकरी करणारी गृहिणी, जिला धान्य भाजून दळून आणायला वेळ नाही. बंगळूर किंवा दिल्लीसारख्या ठिकाणी राहणारा मराठी तरुण किंवा तरुणी, जिला आईच्या हातचे थालीपीठ आठवते, पण कसे थापायचे ते ठाऊक नाही. आणि मराठी पदार्थ आवडणारी अमराठी शेजारीण, जिला 'भाजणी' हा शब्दच नवा आहे.

या तिघींना एकच माहिती देऊन चालणार नाही. पहिलीला वेळ वाचवायचा आहे, तिला भाजणीचे थालीपीठ करून झाले, आता आणखी काय करता येईल ते सांगा. दुसरीला अगदी पहिल्यापासून शिकवावे लागेल, पाणी किती, मळायचे कसे, तव्यावर थापायचे की फडक्यावर. तिसरीला हिंदीतून किंवा तिच्या भाषेत आधी हे पीठ कशाचे, ते समजावून सांगावे लागेल. सुरुवातीला या तिन्हींपैकी एकच प्रकार निवडा. ज्यांच्याकडून पुन्हा पुन्हा ऑर्डर येते, तो प्रकार निवडणे शहाणपणाचे.

प्रश्नांची वही

दुसरी पायरी सोपी आहे आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. गिऱ्हाईक जे प्रश्न विचारते, ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचे. दिवाळीच्या चार दिवस आधी फोन येतो, "ताई, तुमच्या भाजणीच्या चकल्या तेलात फसकल्या हो!" हा फोन तक्रार म्हणून घेतला, तर आपण नाराज होतो. प्रश्न म्हणून घेतला, तर तो पुढच्या वर्षीच्या माहितीचा विषय असतो.

चकली तेलात फसकली, तर बहुधा मोहन जास्त झालेले असते. कडक झाली, तर मोहन कमी पडलेले असते. पाडताना तुकडे पडत असतील, तर पीठ घट्ट आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळून घ्यावे. तेल पुरेसे तापले नसेल, तर चकली तेल पिते. फार तापले असेल, तर बाहेरून लाल दिसते, आतून कच्ची राहते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. जाणत्या गृहिणीला हे सारे तोंडपाठ असते, म्हणून ते सांगण्यासारखे आहे हेच तिच्या लक्षात येत नाही. पण पहिल्यांदा सोऱ्या हातात धरणाऱ्या मुलीला या पाच वाक्यांची किंमत विचारा! ही पाच वाक्ये तिला वेळेवर मिळाली, तर पुढची भाजणी ती तुमच्याकडूनच नेईल.

महिनाभर वही ठेवली, की पंधरा-वीस प्रश्न सहज जमतात. भाजणी किती दिवस टिकते? फ्रिजमध्ये ठेवायची का? पोरके येऊ नयेत म्हणून काय करावे? यात गहू आहे का? या शेवटच्या प्रश्नाकडे खास लक्ष द्या. गव्हाची ॲलर्जी असलेल्याच्या दृष्टीने तो चवीचा नसून प्रकृतीचा प्रश्न आहे. शिवणकाम करणाऱ्याच्या वहीत अस्तर आटेल का, ब्लाऊजला कापड किती लागेल, असे प्रश्न असतील. शिकवणी घेणाऱ्याच्या वहीत आणखी वेगळे. ज्याच्या त्याच्या धंद्यातला प्रश्न, हेच ज्याचे त्याचे भांडवल.

वर्षाचे वेळापत्रक

प्रश्न हातात आले, की ते दिनदर्शिकेवर मांडायचे. १९७३ पासून निघणारे 'कालनिर्णय' घराघरांतल्या भिंतीवर वर्षभर का टिकते? तिथी, सण, एकादशी पाहायला त्याची रोज गरज पडते आणि पानामागे वाचायलाही काही असते. पुष्कळ दुकानदार आपल्या नावाचे कॅलेंडर वाटतात, त्यामागेही हाच विचार आहे. उपयोगाची वस्तू भिंतीवर राहते, पत्रक रद्दीत जाते.

भाजणीवाल्याचे वर्ष साधारण असे मांडता येईल. आषाढी एकादशीपूर्वी दहा-बारा दिवस उपासाच्या भाजणीची माहिती. श्रावणात आणि नवरात्रात उपासाचे पदार्थ. दिवाळीच्या आधी तीन आठवडे चकलीची मालिका, पहिल्या आठवड्यात साहित्य आणि प्रमाण, दुसऱ्यात तळण्याची आच, तिसऱ्यात बिघडलेले पीठ कसे सुधारावे. थंडीत बाजरी आणि लोण्यासोबतचे थालीपीठ. उन्हाळ्यात मेतकूट, वाळवण आणि पिठे टिकवण्याच्या युक्त्या. जूनमध्ये मुले शिक्षणासाठी बाहेरगावी निघतात, तेव्हा वसतिगृहात नेता येतील असे पदार्थ.

इथे वेळेला महत्त्व आहे. चकलीची माहिती लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दिली, तर ती वाचली जाईल, पण ऑर्डर येणार नाही. पार्सल पोचायला लागणारे दिवसही वेळापत्रकातून मागे मोजायला हवेत. शिवाय दर पाच वेळांपैकी चार वेळा फक्त माहिती द्यावी आणि एकदाच विक्रीचे बोलावे, असा साधा नेम घालून घेतला, तर लोक तुमचा संदेश न उघडता पुसून टाकणार नाहीत.

सांगायचे कुठे?

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲप असे सगळीकडे एकदम हातपाय पसरले, की कुठलेच धड होत नाही. आपले गिऱ्हाईक कुठे असते ते पाहून एक किंवा दोन साधने निवडावीत.

सर्वांत स्वस्त आणि दुर्लक्षित साधन म्हणजे पाकिटात घातलेली चिठ्ठी. ज्याने पैसे मोजून माल घेतला आहे, त्याच्याच हातात ती पडते. एका बाजूला कृती, दुसऱ्या बाजूला 'बिघडले तर काय करावे' एवढे छापले, की ती फ्रिजवर चिकटते. दुसरे साधन व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी. त्यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे, त्यांनाच या यादीवरचा संदेश पोचतो. त्यामुळे यादी शंभरांची असली, तरी संदेश चाळीसांनाच मिळतो असे होऊ शकते. गिऱ्हाइकाला नंबर साठवायला सांगावे आणि संदेश पाठवू का, हेही आधी विचारावे. न विचारता सोसायटीच्या किंवा भिशीच्या गटातले सगळे नंबर यादीत घालणे हा शिष्टाचार नव्हे. तिसरे, गुगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद विनाशुल्क करता येते. गावाचे नाव आणि 'भाजणी' शोधणाऱ्याला तुमचा पत्ता आणि वेळ दिसली, तर तीही माहितीच झाली.

हाताने करून दाखवायची गोष्ट असेल, तर मिनिटभराचा व्हिडिओ शब्दांपेक्षा सरस ठरतो. थालीपीठ कसे थापावे हे लिहून सांगायला अर्धे पान लागते, दाखवायला वीस सेकंद. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. खिडकीजवळचा उजेड आणि स्पष्ट आवाज पुरे. मात्र मागे लोकप्रिय चित्रपटगीत लावण्याचा मोह टाळावा. गाण्यावर कोणाचा तरी हक्क असतो आणि धंद्यासाठी ते वापरायला परवानगी लागते. दुसऱ्याच्या फोटोचेही तेच.

काम आणि खर्च

बहुतेक आखण्या उत्साहाच्या भरात सुरू होतात आणि तिसऱ्या आठवड्यात विझतात. म्हणून झेपेल तेवढेच ठरवावे. आठवड्याला एकच विषय, ठरलेल्या वारी. बुधवार म्हटले की बुधवार. गीतमालेची वाट लोक बुधवारी पाहत, कारण ती बुधवारी येणारच हे त्यांना ठाऊक होते.

महिन्यातून एक दुपार यासाठी राखून ठेवावी आणि चार आठवड्यांचे काम एकदम करावे. एकच विषय निरनिराळ्या रूपांत वापरता येतो. चकलीच्या आचेची माहिती चिठ्ठीवर पाच ओळी, व्हॉट्सॲपवर एक संदेश, व्हिडिओत एक मिनिट. घरातल्या माणसांनाही कामे वाटून द्यावीत. कॉलेजातली मुलगी व्हिडिओ काढील, सासूबाई प्रमाण सांगतील, यजमान हिशेबाची वही ठेवतील. जिथे पैसे खर्च करायचेच आहेत, तिथे ते चांगल्या छपाईवर आणि पॅकिंगवर करावेत. विकत घेतलेले फॉलोअर थालीपीठ खात नाहीत.

शब्द जपून

आता सर्वांत नाजूक मुद्दा. माहिती देणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात आणि म्हणूनच चुकीची माहिती जाहिरातीपेक्षा जास्त नुकसान करते. ज्याची प्रश्नमंजूषा पिढ्यान्‌पिढ्या आठवणीत राहिली, त्या बोर्नव्हिटाचेच पुढचे उदाहरण पाहा. एप्रिल २०२३ मध्ये त्यातल्या साखरेच्या प्रमाणावर बोट ठेवणारा एक व्हिडिओ समाजमाध्यमांवर पसरला. कंपनीने कायदेशीर नोटीस पाठवली, व्हिडिओ मागे घेतला गेला, पण चर्चा थांबली नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना बोर्नव्हिटासह अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितले. अनेक वर्षे कमावलेल्या नावालाही एका शब्दाचा जाब द्यावा लागतो, तिथे आपली काय कथा?

घरगुती माल विकणारे कित्येकदा भाबडेपणाने लिहितात, 'मधुमेह मुळापासून बरा', 'आठ दिवसांत वजन कमी', 'शंभर टक्के नैसर्गिक'. आजार बरा करण्याचा दावा खाद्यपदार्थाबद्दल करता येत नाही. काही ठरावीक आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करणे तर १९५४ च्या कायद्यानेच गुन्हा ठरवले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. समाजमाध्यमावरचा संदेशही यातून सुटत नाही. कोणाला पैसे किंवा फुकट माल देऊन स्तुती करवून घेतली असेल, तर त्या व्यक्तीने तसे उघड सांगणे बंधनकारक आहे. खाद्यपदार्थ विकणाऱ्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणीही हवी. पाकिटावर तो क्रमांक, घटकपदार्थ, वजन आणि तारीख असली, की ती सुद्धा ग्राहकाला दिलेली खरी माहितीच असते.

मग बोलायचे काय? जे आपल्याला नक्की ठाऊक आहे ते. 'भाजणीत ही ही धान्ये आहेत, मंद आचेवर भाजलेली आहेत, अमक्या तारखेला दळली आहे, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.' यात एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याला भरवसा वाटतो. एखादी खेप बिघडली, तर तेही आपणहून कळवावे आणि पैसे परत करावेत. गिऱ्हाईक अशी गोष्ट चार जणांना सांगते.

पदरात काय पडले?

किती जणांनी अंगठा दाखवला, यावरून यश मोजू नये. शेजारी, नातेवाईक प्रेमाने अंगठा दाखवतात, म्हणून पाकीट घेतातच असे नाही. हिशेबाच्या वहीत चार रकाने आखावेत. नवे गिऱ्हाईक किती आले? त्यांना कुठून कळले? जुने किती परत आले? कोणत्या माहितीनंतर फोन किंवा प्रश्न आले? प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला "आमचे नाव कुठून कळले?" एवढे विचारायची सवय लावली, तरी तीन रकाने आपोआप भरतात.

या पद्धतीचे फळ उशिरा मिळते, हे आधीच मनाशी ठरवलेले बरे. निदान एक पूर्ण हंगाम, म्हणजे आषाढीपासून दिवाळीपर्यंत, नेमाने चालवून मगच निकाल पाहावा. ज्या विषयावर प्रश्न आले, तो पुढच्या वर्षी वाढवावा. ज्यावर कोणी काहीच बोलले नाही, तो सोडून द्यावा. आणि एक लक्षात असू द्या, माहिती कितीही चांगली असली, तरी खवट भाजणी तिच्या जोरावर दुसऱ्यांदा विकली जात नाही. माल चोख असेल, तरच ही सारी मेहनत कामी येते.

तेव्हा उद्या सकाळी 'सुप्रभात'चे चित्र पाठवण्यापूर्वी एक वही घ्या. पहिल्या पानावर आपल्या दहा गिऱ्हाइकांची नावे लिहा, त्यांतल्या तिघांना फोन करा आणि माल घ्या असे म्हणू नका. "आमची वस्तू वापरताना काही अडते का?" एवढेच विचारा. जे उत्तर येईल, तो तुमचा पहिला विषय.